डोळ्यांनी दिसणारा देव

मंगातुरचा गूळ तुम्ही खाल्ला नसेल तर तुमचं नशीब फुटकं, दुसरं काय म्हणू! आमच्या सरोवराकाठच्या पांगुरुरानच्या बाजारात बायका आधी त्याची टोपली कुठं मांडलीय ते बघतात आणि मग बाकीच्या खरेदीला लागतात. केळीच्या सोपटात बांधलेल्या तळहाताएवढ्या काळसर ढेपी असतात. चहाबरोबर एक तुकडा तोंडात टाकला की माणूस सकाळचं भांडण विसरतो. मी विसरत नाही, पण माझं सोडा. मी तापट माणूस, सगळ्या गावाला माहीत आहे.

हा मंगातुर माझ्या धाकट्या बहिणीचा, रुमोंदांगचा नवरा. मी त्याला लाए म्हणतो, तोही मला लाए म्हणतो. मेव्हण्यांनी एकमेकांना हेच म्हणायचं. पण दोन लाए सारखे नसतात. मी पडलो बायकोचा भाऊ. ज्या घरातून बायको आणली ते घर म्हणजे हुला-हुला, आणि हुला-हुला म्हणजे डोळ्यांनी दिसणारा देव, असं आमचे वाडवडील सांगून गेले. ख्रिस्ती होऊन आम्हाला चार पिढ्या झाल्या, रविवारी देवळातली बाकं भरतात, तरी ही म्हण काही कुणी पुसली नाही. वरचा देव वर, आणि सणासमारंभाला मासा घेऊन येणारा खालचा देव मी. आमच्या घरच्या जावयानं, म्हणजे मंगातुरनं, माझ्यापुढं आवाज चढवायचा नाही, मला कुठं ये-जा असं सांगायचं नाही, मी दिलेलं परत करायचं नाही. तो मला ‘तुम्ही’ म्हणतो, मी त्याला ‘तू’. हे एवढं ध्यानात ठेवा, कारण माझा सगळा घोटाळा इथंच झाला.

मंगातुर आधी गूळ करत नव्हता, माडी काढायचा. आणि काय माडी! माडाच्या पोयीला, म्हणजे फुलांच्या त्या जाड दांड्याला, लाकडी मोगरीनं थोडं थोडं ठोकत राहायचं, आठवडेच्या आठवडे. घाई केली की पोय सुकते आणि माड रुसतो. तयार झाली की कापायची, खाली बांबूचं नळकांडं बांधायचं, मग सकाळ-संध्याकाळ गोड नीरा उतरते. तिच्यात एका झाडाची कडू साल टाकली की झाली माडी. ठोकण्याचा हात मंगातुरइतका हलका कुणाचा नाही. दिवसाची पहिली चवही त्याचीच, दुसरीही आणि विसावीही.

शनिवारी गुत्त्यावर जे गळे, तेच रविवारी देवळात. मी खर्ज लावणारा, तो वरच्या पट्टीत. आम्ही दोघांनी एक गीत उचललं की सरोवरापलीकडची माणसं होड्या थांबवतात, असं आम्हीच म्हणायचो. गुत्त्यावर त्याच्याशेजारी माझी जागा होती. ग्लासही बरोबरीनं रिकामे व्हायचे. पण दारुडा तो, मी नाही. मी घरी चालत जायचो, त्याला उचलून न्यावं लागायचं. एवढ्या फरकावर मी तीस वर्षं ताठ मानेनं काढली.

आणि प्याला की त्याला देव ऐकू यायचा. हसू नका, खरंच यायचा. एकदा देव म्हणाला, डुकरीण देऊन गिटार घे. गाभण डुकरीण देऊन हा तीन तारांची गिटार घेऊन आला. रुमोंदांगनं ती गिटार उचलली आणि म्हणाली, “आता हिला पिल्लं होईपर्यंत थांबायचं का?” एकदा पाद्रीबुवा उपदेशात हरवलेल्या मेंढराचं सांगत होते, तर हा मधल्या बाकावरून उठून म्हणाला, “प्रभू, मी इथंय, इथं!” सगळं देऊळ हसलं. मीही हसलो. रुमोंदांग तेवढी खाली मान घालून गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत राहिली, उगीचच.

मग एका जानेवारीत, म्हणजे नाताळ होऊन पंधरवडा झाला असेल, तो संध्याकाळची नीरा उतरवायला पिऊन चढला आणि माडाला बांधलेल्या चढायच्या बांबूवरून पाय सटकला. हासळीचं हाड मोडलं, दोन बरगड्या मोडल्या. इस्पितळात डॉक्टरांनी हाडाचं कमी आणि यकृताचंच जास्त सांगितलं. बहिणीला बाजूला घेऊन म्हणाले, हाड सांधेल. पण आता पुन्हा पिणं लागलं तर माणूस हाती लागणार नाही.

गावात सिस्टर तियोमा म्हणून आहेत, निवृत्त नर्स. देवळामागच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी सुटू पाहणाऱ्यांना घेऊन बसतात. तुरुंगातून सुटू पाहणारे नव्हेत, बाटलीतून. त्या इस्पितळात त्याला बघायला गेल्या आणि म्हणाल्या, “काय रे, तुझा देव फार बोलका होता. पडल्यावर काय म्हणाला?”

“काही नाही म्हणाला, सिस्टर. पहिल्यांदाच गप्प.”

“बरं झालं. आता तू ऐकशील.”

हाड सांधेपर्यंत तो गुरुवारी जायला लागला. त्या खोलीत सिस्टरबाईंचा एक नियम होता, मंगातुरनंच मला सांगितला. त्या म्हणायच्या, “कुणाला मोठं काही ऐकू आलं असेल, स्वर्ग उघडला, गर्जना झाली, तर ते घरी ठेवून या. लहान काही ऐकू आलं तर सांगा.” चार गुरुवार मंगातुर म्हणाला, काहीच नाही. पाचव्या गुरुवारी म्हणाला, ‘चूल पेटव.’

झालं होतं असं. तो पुन्हा माडावर चढायला लागला होता. सिस्टरबाई म्हणत होत्या, तो धंदाच सोड. हा म्हणे, मला दुसरं येतं काय? तर सकाळची नीरा उतरवून माडांजवळच्या झोपडीत आणली आणि हातात ती कडू साल घेऊन उभा राहिला. डोक्यात भाषण सुरू. तू कुठं पिणार आहेस, फक्त विकणार. चव बघितल्याशिवाय विकता येतं का? प्रभूनं स्वतः काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला. तू त्याच्याहून शहाणा? वचनासकट, अध्यायासकट भाषण. आणि त्या सगळ्याच्या खालून दोनच शब्द आले, चूल पेटव. नीरा तापवायला घेतली की माडी होत नाही, गूळ होतो. आणि नीरा वाट बघत नाही. दुपारपर्यंत ठेवली तर साल न टाकताही आपली आपण आंबायला लागते.

“मग ओळखलं कसं, की हाच देव?” मी कुत्सितपणे विचारलं होतं.

“लाए, दारूचा आवाज वकिलासारखा आहे. तो बोलून बोलून दमवतो, आणि दर वेळी सांगतो की मी किती खास आहे. ह्यानं माझं काहीच कौतुक केलं नाही. नुसतं काम सांगितलं. अगदी रुमोंदांगसारखं.”

“म्हणजे देव तुझ्या बायकोसारखा बोलतो?”

“दोघंही मला ओळखून आहेत,” तो म्हणाला.

पहिला गूळ करपला. दुसरा चिकट झाला. तिसऱ्या घाण्याला जमला. पुढं पाच महिने रोज सकाळी आठ वाजता डोंगराच्या उतारावर त्याच्या झोपडीतून धूर निघायचा. मी काठावर होड्यांच्या फळ्या ठोकत बसलेला असतो, मला तो समोर दिसायचा. गावातल्या बायका घड्याळाऐवजी त्या धुराकडं बघायला लागल्या.

आता मी खरं सांगतो. मला तो धूर बघून आनंद व्हायला हवा होता. बहिणीच्या अंगावर मांस चढलं होतं, ती हसायला लागली होती. पण गुत्त्यावर माझ्या शेजारची जागा रिकामी. दुसऱ्या कुणाची तरी पाणचट माडी प्यायची आणि एकट्यानं खर्ज लावत बसायचं. लोक म्हणायचे, तुमच्या जावयानं बघा कसं सोडलं! आणि माझ्या ग्लासकडं बघायचे. माझा जळफळाट व्हायचा. तो सुटला म्हणून नाही, तो सुटल्यामुळं मी दिसायला लागलो म्हणून. हे आज कळतंय. तेव्हा मी म्हणायचो, पोरगा शिष्ट झालाय.

माणूस मरणाच्या दारातून परत आला की हुला-हुलानं मासा घेऊन जायचं असतं. त्याच्या घाबरलेल्या जीवाला धीर द्यायचा, खांद्यावर उलोस, म्हणजे आमची विणलेली शाल, पांघरायची, डोक्यावर तांदूळ ठेवायचे. मंगातुर म्हणाला होता, आधी नीट बरा होतो, मग करू. ते ऑगस्टात ठरलं. मी सरोवरातला सगळ्यात मोठा गुंजेर मासा आणला, बायकोनं, लामरियानं, तो हळद-मसाल्यात अख्खा शिजवला. चटया अंथरल्या. माणसं दाटीनं बसली. सिस्टर तियोमा नेमक्या त्या महिन्यात लेकीकडं मेदान शहरात गेलेल्या.

माशाचं तोंड मंगातुरकडं करून मी ताट ठेवलं. उलोस पांघरला. तांदूळ ठेवले. मी बोललोही चांगलं, लोकांनी माना डोलावल्या. आता आमच्या घराची एक जास्तीची रीत आहे. आजोबांचा बांबूचा पेला, त्यातून हुला-हुलाच्या हातचा एक घोट. मी पेला भरला. माडीच भरली. दुपारची वेळ, मीही तीन ग्लास आत टाकून आलो होतो.

मंगातुरनं पेल्याकडं बघितलं. “लाए, आशीर्वाद सगळा घेतो. एवढं नको.”

रुमोंदांग पटकन म्हणाली, “इतो, त्यात पाणी घाल ना. पाणी चालतं.” बहीण-भाऊ एकमेकांना इतो म्हणतात. ती लहानपणी मासे राखायला बसायची तेव्हा याच आवाजात हाक मारायची.

मी भडकलो. “आशीर्वादात पाणी? आमच्या आजोबांच्या पेल्यात? लाए, हा घोट माझ्या हातचा आहे. तुला वरच्या देवाचं बारीकसारीकही ऐकू येतं म्हणे. मग हा समोर बसलाय त्या देवाचं ऐकू येत नाही का?”

माणसं हसली. हसण्यासारखंच बोललो होतो मी. मला तर माझंच बोलणं फार आवडलं. मंगातुरनं सगळ्यांकडं एकदा बघितलं, मग दोन्ही हात पुढं केले, जसे करायचे असतात तसे, आणि पेला घेतला.

घोट नाही घेतला त्यानं. रिकामा केला.

त्या संध्याकाळी तो माझ्याशेजारी गुत्त्यावर होता. गायलासुद्धा. मी त्याच्या पाठीत थाप मारून म्हणालो, “आला माझा लाए परत!” काय जीभ होती ती माझी! दुसऱ्या दिवशी धूर निघाला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तो झोपडीतच राहायला गेला. नीरा उतरवायची, साल टाकायची, प्यायची, एवढंच. रुमोंदांग भात घेऊन जायची आणि तसाच परत आणायची. मी काठावर बसून फळ्या ठोकायचो आणि उताराकडं बघायचं टाळायचो.

विसाव्या दिवशी पहाटेच रुमोंदांग दारात आली. रडली नाही. रडली असती तर मी सांभाळलं असतं, तेवढं मला जमतं. उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, “इतो, काल त्याला रक्ताची उलटी झाली.”

लामरियाच्या हातातली झारी खाली पडली.

“सिस्टर आज दुपारपर्यंत येतायत, निरोप धाडलाय. इस्पितळात चल म्हटलं तर म्हणतो, मला नको, मी देवाच्या मनातून उतरलोय.” मग तिनं माझ्याकडं बघितलं. “तू देव ना रे? डोळ्यांनी दिसणारा? मग जा आणि दिस त्याला. आम्हाला तर तो दारातसुद्धा उभं करत नाही.”

ती गेली तशी मी सवयीनं कोपऱ्यातल्या घागरीकडं गेलो. सकाळी एक ग्लास घेतल्याशिवाय माझा हात फळीवर बसत नाही. अंगात ऊब येते, असं मी म्हणतो. ग्लास भरला. लामरिया बघत होती. ती तीस वर्षं बघतच होती. मी तो ग्लास परत घागरीत ओतला आणि निघालो.

उतार काही फार नाही, अर्ध्या तासाचा. पण निम्म्यात मला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. आधी वाटलं, बहिणीचं बोलणं लागलंय. मग वाटलं, वय झालंय. तिसरं जे वाटलं ते मी बराच वेळ वाटू दिलं नाही. तिथं एका दगडावर बसलो आणि स्वतःच्याच हातांकडं बघितलं. हे हात मी ओळखत होतो. मंगातुरचे पाहिले होते असे, दर सकाळी. ‘बोनार,’ मी स्वतःला म्हणालो, ‘तू घरी चालत जायचास, एवढंच.’

झोपडीत तो भिंतीला टेकून बसला होता. डोळे पिवळे, ओठ फुटलेले. समोर सावलीत सकाळच्या नीरेची तीन नळकांडी उभी. कोण जाणे कसा चढला होता! शेजारी सालीची टोपली. अजून टाकली नव्हती.

“लाए, बसा,” तो म्हणाला. “उठत नाही, माफ करा. उठता येत नाही.”

मी आल्या आल्या बोलून टाकायचं ठरवलं होतं, नाहीतर माझ्या तोंडून निघालं नसतं. “त्या दिवशीचा तो माझा आवाज होता. देवाचा नव्हे. मला शेजारी बसायला माणूस हवा होता, म्हणून तुला पाजली. तू फसलास, ती माझी चूक. मला माफ कर.”

हुला-हुलानं जावयाची माफी मागितल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं. त्यानंही नसावं. तो कावराबावरा झाला. “मान खाली घालू नका, लाए. मला बघवत नाही.” मग म्हणाला, “आणि मी फसलो बिसलो नाही.”

“म्हणजे?”

“ओळखलं होतं मी. पेला पुढं आला तेव्हा ऐकू येत होतं की, अगदी स्पष्ट. ‘नको.’ रुमोंदांग पाणी म्हणाली, तेव्हा तर दोनदा ऐकू आलं. तुमचा आवाज देवाचा नाही, हे मला ठाऊक होतं. पण लोक हसले. आणि माझ्या मनानं म्हटलं, वा! चांगलं निमित्त आहे. उद्या कुणी विचारलं तर सांगू, हुला-हुलाला नाही कसं म्हणायचं?” तो हसला आणि हसता हसता खोकला. “सिस्टर म्हणतात, देवाचा आवाज ओळखायला शिका. ओळखायला काय, लाए, कुत्रंही मालकाचा आवाज ओळखतं. ऐकून उठायचं, ते अवघड.”

नळकांड्यांवर माश्या जमायला लागल्या होत्या. ऊन चढत होतं.

“आता काय ऐकू येतं?” मी विचारलं.

“वकील. म्हणतो, एवीतेवी सगळं गेलंच आहे, आजचा दिवस घे.”

“आणि दुसरा?”

“तो गप्प आहे. एकोणीस दिवस झाले.” एवढं बोलून तो रडायला लागला, तोंड न झाकता. “मी वाट बघतो, लाए. रोज सकाळी नीरा उतरवून वाट बघतो. दोन शब्दच तर होते. ते पण नाहीत.”

मला राग आला. तुम्ही म्हणाल, अशा वेळी राग कसला? पण आला. त्याच्यावर नाही. त्या पेल्यावर, त्या हसणाऱ्या माणसांवर, माझ्या तीन ग्लासांवर, आणि खरं सांगायचं तर वरच्यावरही थोडा. मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, “अरे, मी डोळ्यांनी दिसणारा देव ना? त्या दिवशी माझं ऐकलंस ना, सगळ्यांसमोर? मग आजही ऐक. मंगातुर, चूल पेटव!”

तो रडायचा थांबला. माझ्याकडं बघत राहिला.

“लाए,” हळूच म्हणाला, “हे तुम्ही बोललात?”

“मग काय, माड बोलला?”

तो भिंतीला हात देऊन उठला. पडला. पुन्हा उठला. मी हात दिला नाही, कारण दिला असता तर दोघंही पडलो असतो. त्यानं चुलीत काटक्या रचल्या, मी काडी ओढली. विझली. दुसरी ओढली, ती मोडली.

“तुमचा हात का हलतो?” मंगातुरनं विचारलं.

“वारा आहे.”

“झोपडीत?”

त्यानं माझ्या मनगटाला धरलं, त्याचाही हात हलत होता, आणि तिसरी काडी आम्ही दोघांनी मिळून ओढली. पेटली. नीरा गाळून कढईत ओतली, तेवढ्यानं दोघांना धाप लागली. मग तो चुलीशेजारीच आडवा झाला आणि मी ढवळत राहिलो. मला कुठं येतंय गूळ करायला? तो पडल्या पडल्या सांगत होता, “आच कमी करा... फेस येतोय का?... लाए, तळाला लागतंय, तळाला!”

लागलंच. तरी वड्या पाडल्या. दुपारी सिस्टर तियोमा, रुमोंदांग आणि चौघं गडी डोली घेऊन आले. तो मुकाट्यानं बसला. रुमोंदांगनं एक वडी उचलून चावली. “करपलाय,” म्हणाली, आणि उभ्या उभ्या अख्खी खाल्ली. तेव्हा कुठं ती रडली.

इस्पितळात तो पंधरा दिवस होता. नंतर काठी टेकत हिंडायला लागला. एका सकाळी मी काठावर फळीला खिळा मारत होतो आणि सहज वर बघितलं, तर धूर. मी हातोडी खाली ठेवली आणि चांगला मोठ्यानं रडलो. होडीवाल्यानं विचारलं, बोट ठेचलं का? मी म्हटलं, हो.

माझं काय, ते विचारू नका. त्या दिवशी घागरीत परत ओतलेला ग्लास मी दुसऱ्या दिवशी प्यायलोच होतो. माफी मागितली म्हणून माणूस सुटत नाही.

धूर पुन्हा दिसला त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, दुपारी, मी ओसरीवर बसलो होतो. मंगातुर काठी टेकत आला आणि अंगणात उभा राहिला. जावयानं हुला-हुलाला कुठं चल म्हणून सांगायचं नसतं. हे त्याला जेवढं ठाऊक, तेवढंच मला. त्यानं नमस्कार केला, घसा साफ केला.

“लाए,” तो म्हणाला, “चला.”

बस्स, एवढंच.

आणि लगेच माझ्या डोक्यात वकील उभा राहिला. अरे, तू कोण, तो कोण? दारुडे बसतात तिथं तू बसणार? तुझा हात वयामुळं हलतो. देवळात खर्ज कोण लावणार, लोक काय म्हणतील? पूर्वजांचा मान, आईबापांचा आदर कर, अमुक अध्याय, तमुक वचन. फार मुद्देसूद बोलत होता. आणि किती खास आहे मी, हे तर त्यानं दोनदा सांगितलं.

मंगातुर काठीवर भार देऊन नुसता उभा होता. उन्हात.

मी आत हाक मारली, “लामरिया, माझ्या चपला कुठं आहेत गं?”

“दारातच आहेत,” ती आतून म्हणाली. “सकाळीच काढून ठेवल्यात.”